नाताळचे पुडिंग आणि आपला बेदाणा



इंग्लंडमध्ये नाताळच्या जेवणाच्या शेवटी जो काळसर, गोल पदार्थ ताटात येतो, ते पुडिंग. आपल्या मोदकासारखेच ते वाफेवर शिजते. मोदकाला पाव तास पुरतो, याला मात्र आठ तास लागतात. तिकडे ॲडव्हेंटच्या अगोदरच्या रविवारी, म्हणजे नाताळच्या महिनाभर आधी, घरातला प्रत्येक जण हे मिश्रण एकदा ढवळतो. काही घरी आत चांदीचे नाणेही घालतात. लहान मुले असतील तर ते टाळलेलेच बरे!

माझे लक्ष या पदार्थाकडे गेले ते बेदाण्यामुळे. पुडिंगात सर्वांत मोठा वाटा सुक्या द्राक्षांचा. १९२७ साली ब्रिटनच्या एम्पायर मार्केटिंग बोर्डाने राजाच्या पुडिंगची कृती छापून वाटली. त्यात बेदाणे-मनुका ऑस्ट्रेलिया व दक्षिण आफ्रिकेच्या होत्या, लवंग झांजिबारची, आणि हिंदुस्थानच्या वाट्याला आला चमचाभर मसाला! ऑस्ट्रेलियात ज्याला सुलताना म्हणतात तेच आपले थॉमसन सीडलेस द्राक्ष. तासगावकडचा बेदाणा त्याचाच. रंगाने डावा म्हणून स्वस्त मिळणारा, पण स्वच्छ माल पुडिंगला उत्तम चालतो. शिजल्यावर सगळे काळेच होते.

मूळ कृतीत गुरांच्या मूत्रपिंडाभोवतीची कडक चरबी घालतात. ती उशिरा वितळते, तोवर पीठ धरू लागते आणि आत बारीक छिद्रे राहून पुडिंग हलके होते. आपण तूप वापरू. ते लवकर वितळते, म्हणून थिजलेले घ्यावे व मैद्यात चिमटीने चुरावे.

साहित्य: बेदाणे ४०० ग्रॅम, शिळ्या पावाचा चुरा १००, मैदा ५०, तूप १००, चिरलेला गूळ १५०, अंडी २, एक किसलेले गाजर, एका संत्र्याचा रस, अर्धा चहाचा चमचा बेकिंग पावडर, दालचिनी, जायफळ. गाजराला हसू नका. दुसऱ्या महायुद्धात सुका मेवा मिळेना, तेव्हा इंग्रज गृहिणींनी गाजरावरच गोडी भागवली.

सगळे कालवून तूप लावलेल्या भांड्यात भरावे, वर दोन बोटे जागा सोडावी. तोंडावर तूप लावलेला कागद, त्यावर फडके, मध्ये एक चुणी घालून दोरीने घट्ट बांधावे. चुणी नसेल तर फुगायला वाव राहत नाही.

खरी परीक्षा वाफेची. सातव्या तासाला पाणी आटले तर भांडे करपते आणि चारशे ग्रॅम बेदाणा वाया जातो. म्हणून पातेल्याच्या तळाशी एक नाणे टाकून ठेवा. त्याचा खडखडाट थांबला की पाणी संपत आले समजा. भर घालायची ती उकळत्या पाण्याचीच, गार पाण्याने वाफ मोडते. सरपणाची काळजी असेल तर मिश्रण अर्ध्या-अर्ध्या लिटरच्या दोन भांड्यांत भरा, पाच तासांत काम होते.

विलायती पुडिंग महिनोन् महिने टिकते, कारण त्यात साखर आणि दारू भरपूर, शिवाय तिकडची थंडी. आपल्यात ताजा रस व गाजर आहे, तेव्हा आदल्या दिवशीच करावे. दुसऱ्या दिवशी तासभर पुन्हा वाफवून, गरम असतानाच ताटात उपडे करावे आणि वरून दाट, गोड दूध घालावे.