आधी चिठ्ठी पाहावी, मग कल्प द्यावा

हृदयाच्या अनियमित स्पंदनांसाठी अमायोडॅरोन व रक्त गोठू नये म्हणून वॉरफॅरिन घेणारे रुग्ण आपल्याकडेही येतात. अमायोडॅरोनमुळे यकृतात वॉरफॅरिनचे विघटन मंदावते आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो. ते थांबविल्यावरही हा परिणाम अनेक आठवडे टिकतो. त्यात आपण रसोनकल्पाची भर घातल्यास प्लेटलेट्सचे कार्यही मंदावू शकते. ‘वनस्पतिजन्य ते निरुपद्रवी’ हा समज वैद्यास शोभत नाही. म्हणून वैद्यांनी व औषधविक्रेत्यांनी आधी चालू औषधांची चिठ्ठी आणि ताजा आयएनआर अहवाल पाहावा. बहुतांश रुग्णांत तो २ ते ३ असणे अपेक्षित असते. मात्र वॉरफॅरिन परस्पर बंद करू नये. त्याने पक्षाघात ओढवू शकतो. रुग्णाच्या जिवापुढे हृदयरोगतज्ज्ञास विचारण्यात कमीपणा कसला?