लँकेशायरचे गाव आणि आपले कॅरेट



नारायणगावच्या उपबाजारात टोमॅटोची गाडी लागली की आपल्या मनात एकच विचार असतो, आज भाव काय फुटतो? 2023 च्या जुलैत 20 किलोच्या कॅरेटला दोन हजारांच्या वर रुपये मिळाले, आणि सप्टेंबरात तोडणीची मजुरी निघणे मुश्कील झाले. माल तोच, कष्टही तेच. पिकविणाऱ्याचा खर्च ध्यानात घेऊन घेणाऱ्याने भाव दिला, असे कधी घडते काय? घडते. कोठे आणि कोणत्या अटींवर, ते आज सांगतो.

इंग्लंडात लँकेशायर परगण्यात गारस्टँग नावाचे बाजाराचे गाव आहे. वस्ती नारायणगावापेक्षा पुष्कळ कमी, भोवतालचा मुलूख दूधदुभत्याचा. ब्रूस क्रौदर नावाच्या पशुवैद्याने व त्यांच्या सोबत्यांनी तेथील दुकानदार, शाळा, चर्च यांच्याकडे खेटे घातले. म्हणणे साधे होते: चहा, कॉफी, चॉकलेट घ्यायचेच आहे, तर ज्या मालाचा वाजवी भाव शेतकऱ्याला मिळाला आहे तो घ्या. 2000 साली गावकऱ्यांनी सभेत ठराव करून आपले गाव ‘फेअरट्रेड गाव’ म्हणून जाहीर केले. जगातले असे हे पहिले गाव. आज अशी गावे व शहरे दोन हजारांवर आहेत. विशेष हे की, त्या दिवसांत त्यांच्या स्वतःच्या दूधवाल्यांनाही दर परवडत नव्हता. म्हणून प्रचाराच्या जेवणात परदेशी शेतकऱ्याचा माल आणि गावचा माल एकाच पंगतीत वाढला. दुसऱ्याच्या शेतकऱ्यासाठी बोलताना आपला विसरले नाहीत, हे मला फार पटले.

आता दुसरे टोक पाहा. पश्चिम आफ्रिकेतील घाना देशात चॉकलेटसाठी लागणारा कोको पिकतो, आणि तोही बहुतेक लहान शेतकऱ्यांकडे. माल घेणारे काट्यात मारीत, हे तेथलेही जुने दुखणे. 1993 साली शेतकऱ्यांनी ‘कुआपा कोकू’ हा संघ काढला आणि वजन आपल्याच माणसांकडून करून घेण्यास सुरुवात केली. पुढे 1998 मध्ये इंग्लंडात निघालेल्या एका चॉकलेट कंपनीत या संघाला भागीदारी मिळाली. ध्यानात घ्या, काटा आधी आला आणि भागीदारी मागून.

या व्यापाराची रीत आपल्याला अवघड वाटू नये. उसाला जशी एफआरपी, तसा येथे बहुतेक मालांना किमान भाव बांधलेला असतो. बाजार वर गेला तर बाजारभाव द्यावा लागतो. शिवाय वर एक ठराविक रक्कम मिळते. ती दूध संघाच्या दिवाळीच्या फरकासारखी असली, तरी घरोघर वाटलीच पाहिजे असे नाही. विहीर, शाळेची खोली, गोदाम, काय करायचे ते सभासदांनी सभेत ठरवायचे.

यात एक गोम आहे, आणि ती प्रचारपत्रकांत सहसा सापडत नाही. गटाचा जेवढा माल या अटीवर विकला जाईल, तेवढ्यालाच हा भाव. उरलेला माल नेहमीच्या बाजारात. तपासणीचा खर्च असतो, कागद असतात. आणि लहान शेतकऱ्याला एकट्याने दारात उभे करीत नाहीत, गट लागतो. आपल्याकडे 2004 साली सुरू झालेल्या ‘चेतना ऑरगॅनिक’ने विदर्भ, तेलंगण व ओडिशातील कापूसवाल्यांचे गट बांधले, तेव्हा हा मार्ग खुला झाला.

जुन्नरच्या द्राक्षबागाईतदारांना गटाचे महत्त्व मी सांगायला नको. 1991 साली सहकारी संस्थांनी मिळून ‘महाग्रेप्स’ उभारले, तेव्हा सुरुवातीला युरोपने माल नाकारला. पण शीतगृहे, प्रतवारी, फवारणीच्या नोंदी हे सर्व शिकूनच द्राक्षे तेथे टिकली. 2010 मध्ये एका वाढरोधकाच्या अंशावरून पुन्हा माल अडला. सद्भावनेचा गिऱ्हाईक असो की नफ्याचा, वही दोघेही मागतात.

टोमॅटोसाठी कोणी गारस्टँगकर उद्या नारायणगावात येईल, अशी आशा मी लावणार नाही. पण वाजवी भाव म्हणजे किती, हे आधी आपल्याला सांगता आले पाहिजे. बैठकांत मी विचारतो, “एका कॅरेटला खर्च किती येतो?” उत्तरादाखल भाव सांगतात, खर्च नाही.

तेव्हा या हंगामात वहीत एवढे लिहाच: रोपे, मल्चिंगचा कागद, बांबू-तार-सुतळी, बांधणी, खते, फवारण्या, तोडणी, गाडीभाडे, हमाली. बांबू व तार दोन-तीन हंगाम चालतात, म्हणून त्यांचा खर्च तितक्या हंगामांत विभागावा. घरच्या माणसांची मजुरी गावच्या दराने धरावी. वहिनी आणि सुना पहाटेपासून तोडणीला असतात, त्यांची हजेरी कोणाच्याच वहीत मला दिसलेली नाही. या सर्वांची बेरीज करून विकलेल्या कॅरेटांच्या संख्येने भागावे. फेकून दिलेली कॅरेटे त्या संख्येत धरू नयेत.