शाळेसाठी 'खरा सर्व्हर' की दोन साधे संगणक?



संगणक कक्षासाठी लोकवर्गणी जमली, किंवा माजी विद्यार्थ्यांनी रक्कम दिली, की शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो. कोटेशन घेऊन आलेला माणूस म्हणतो, "सर, साधे पीसी काऊन घेता? एक कंपनीचा सर्व्हर घ्या, त्याले सगळे जोडा. दहा वर्षं पाहाचं काम नाही." ऐकायला बरे वाटते. निकालपत्रके, सराव चाचण्या, व्हिडिओ पाठ, सगळे एका मजबूत पेटीत! माझे मत मात्र वेगळे आहे. आपल्या अकोला-अमरावतीकडच्या शाळेने त्याच पैशात दोन साधे संगणक घ्यावेत.

आधी सर्व्हरची बाजू पाहू, कारण ती खोटी नाही. चांगल्या सर्व्हरमध्ये दोन पॉवर सप्लाय असतात. एक जळाला तरी दुसऱ्यावर काम चालू राहते. डिस्क यंत्र बंद न करता बदलता येते. सर्वात मोठी गोष्ट म्हणजे त्याची मेमरी स्वतःची चूक पकडते आणि दुरुस्तही करते. गूगलच्या यंत्रांवर केलेला एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वर्षभरात ८ टक्क्यांहून अधिक मेमरी पट्ट्यांमध्ये चुका आढळल्या होत्या. चूक म्हणजे काय? सातवी-आठवीच्या मुलांना फळ्यावर करून दाखवा. ६८ म्हणजे ६४ + ४, द्विमान पद्धतीत १०००१००. पहिला १ पुसून ० झाला, की ६८ गुणांचे ४ गुण उरतात! साध्या पीसीत असे झाले तर कोणाला पत्ताही लागत नाही. म्हणून बँकेत किंवा विद्यापीठाच्या परीक्षा विभागात सर्व्हरच हवा, यात वादच नाही. आपल्याकडे मात्र निकालाची कागदी प्रत कपाटात असते, आणि ६८ चे ४ झाले तर वर्गशिक्षकाच्या आधी पोराची आई विचारायला येते.

आता आपल्या भागात यंत्र कशाने बिघडते ते पहा. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या आसपास जातो. पॉवर सप्लायमध्ये आणि मदरबोर्डवर जे छोटे नळकांड्यासारखे कपॅसिटर असतात, त्यांच्याबद्दल अभियंत्यांचा ठोकताळा आहे: तापमान १० अंशांनी वाढले की आयुष्य निम्मे. त्यात आपला कापसाचा पट्टा. जिनिंगच्या दिवसांत हवेत तरंगणारे तंतू पंख्याच्या जाळीवर बसतात, त्यावर धूळ चिकटते आणि आतली हवाच बंद होते. पंखा आणि जाळी दर दोन महिन्यांनी ब्रशने झाडायला पाहिजे, पण ते काम कोणाचे हेच ठरलेले नसते. काही जण संगणकाला गार वाटावे म्हणून कूलर थेट त्याच्यावर लावतात. बाप्पा, असे करू नका! कूलरची हवा ओली असते, ती धुळीला आत घट्ट बसवते.

आणि अर्थिंग! आपली काळी माती पावसाळ्यात ओली असते, तेव्हा वीज छान जमिनीत उतरते. उन्हाळ्यात तीच माती वाळून भेगाळते आणि अर्थिंग नावापुरती उरते. नेमके त्यानंतर, जूनमध्ये, विजांचा कडकडाट सुरू होतो. एका शाळेत मी पाहिले, अर्थिंगच्या खड्ड्यावर फरशी बसवून वर झेंड्याचा ओटा केला होता. पाणी टाकणार कुठून?

ऊन, धूळ आणि वीज ही तिन्ही संकटे महागडी पेटी आणि साधी पेटी असा भेद करत नाहीत. फरक पडतो तो बिघाड झाल्यावर. कंपनीच्या सर्व्हरचा पॉवर सप्लाय बहुतेक वेळा तिच्याच मापाचा असतो, मदरबोर्डला जोडायची पिनही वेगळी असते. तो तालुक्याच्या दुकानात मिळत नाही; मागवावा लागतो, आणि वॉरंटी संपली असेल तर सांगायलाच नको. साध्या पीसीचे तसे नाही. त्याच्या एटीएक्स नावाच्या मापाचा नियम १९९५ पासून चालत आला आहे, आणि त्या मापाचा एसएमपीएस कोणत्याही कंपनीचा चालतो. अकोला-अमरावतीच्या बाजारात सकाळी गेलात तर दुपारपर्यंत तो बसतो. एक बारका इशारा: मोठ्या कंपन्यांचे काही छोटे डेस्कटॉपही हल्ली स्वतःच्याच मापाचे पार्ट वापरतात. घेताना विचारून घ्या.

हे गणित मुलांना उदाहरण म्हणून द्या. समजा, सर्व्हर पाच वर्षांत एकदाच बिघडला, पण पार्ट यायला २० दिवस लागले. साधा पीसी दरवर्षी बिघडला, पण एका दिवसात सुरू झाला. पाच वर्षांत कोणता यंत्रसंच जास्त दिवस बंद होता? २० विरुद्ध ५. शिवाय शेजारी दुसरा तयार पीसी असेल, तर ते ५ दिवसही जवळजवळ जातात. शेतकरी कपाशीत तुरीचे तास टाकतो, त्यातलाच हा प्रकार.

मोठ्या लोकांनीही हेच केले आहे. गूगलच्या अभियंत्यांनी २००३ मध्ये लिहिले होते, की त्यांचा शोध १५,००० हून अधिक साधारण पीसींवर चालतो. यंत्रे बिघडणारच हे धरून कामाची वाटणी सॉफ्टवेअर करते. आणि आपल्या घरचे उदाहरण तर त्याहून जुने. मूर्तिजापूर तालुक्यातील मुरंबा या गावी जन्मलेले डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक तयार केला. अमेरिकेने क्रे महासंगणक द्यायला नकार दिला होता. मग बाजारात तयार मिळणाऱ्या ट्रान्सप्युटर चिप मोठ्या संख्येने एकमेकींना जोडून काम साधले. तिथे प्रश्न वेगाचा होता, टिकाऊपणाचा नव्हता, हे खरे. पण खास घडणीच्या एका महागड्या यंत्राऐवजी साध्या सुट्या भागांची जोडणी, ही वाट तीच.

दोन संगणक घेऊन एक खोक्यात ठेवला तर मात्र उपयोग शून्य. दुसऱ्यावर रोज रात्री पहिल्याची नक्कल उतरली पाहिजे. तो दुसऱ्या खोलीत, वेगळ्या बोर्डावर ठेवा, नाहीतर एकाच विजेने दोन्ही जातील. आणखी एक नक्कल बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेऊन मुख्याध्यापकांच्या कपाटात. "सर्व्हरमध्ये दोन डिस्क आहेत, मग बॅकअप कशाला?" असे कोणी म्हणाले तर त्याला विचारा: चुकून फाइल पुसली गेली तर दोन्ही डिस्कवरून एकदमच पुसली जाईल ना? कनिष्ठ महाविद्यालय जोडलेले असेल, पन्नास-साठ संगणक एका यंत्रावर टेकणार असतील आणि देखभालीला पगारी माणूस असेल, तर सर्व्हर जरूर घ्या. पण करारात पार्ट किती दिवसांत येईल हे लेखी घ्या, तोंडी नको.

विदर्भात शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. त्याआधीच्या आठवड्यात एक दिवस कक्ष उघडा, अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी टाका, पंख्याची जाळी झाडा. मग पहिला संगणक मुद्दाम बंद ठेवून दुसऱ्यावर मागच्या वर्षीचे निकालपत्रक उघडते का ते पहा. नाही उघडले तर दुरुस्तीला अजून चार-पाच दिवस हातात असतील.