आकाशवाणी कुणाच्या पैशाने बोलणार?

वडिलांच्या ट्रंकेत रेडिओच्या लायसनचे पुस्तक अजून आहे. वर्षाला पंधरा रुपये पोस्टात भरायचे, तिकीट चिकटवून शिक्का मारून आणायचा. १९८० च्या दशकात लायसन रद्द झाले, आणि कटकट गेली म्हणून आपण खूश झालो. श्रोता म्हणून जाब विचारायचा आपला हक्क त्याच पुस्तकात होता, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आले?

१. आकाशवाणी आणि दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारती या महामंडळाचा कायदा १९९० चा, अंमल १९९७ पासून. निधीबाबतचे त्याचे १७ वे कलम वाचा. संसदेच्या मंजुरीनंतर केंद्र सरकार महामंडळाला लायसन फीचे उत्पन्न, असलेच तर, देऊ शकेल. शिवाय अनुदान किंवा कर्ज. फी तर कायद्याआधीच रद्द झालेली! उरले अनुदान. ज्याच्या हातात पगाराची पिशवी, त्याच्याविरुद्धची बातमी साडेसातला कोण वाचणार?

२. जाहिरातींतून कमवा, असा सल्ला मिळतो. विविध भारतीवर जाहिराती १९६७ पासून आहेतच; त्याला हरकत नाही. पण सोयाबीनवरची कीड, बालकुपोषण किंवा बोलीभाषेतली श्रुतिका यांना प्रायोजक कुठला? जून २०२३ मध्ये पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करण्याचा निर्णय निघाला. पुणेकरांनी ओरड केली म्हणून तो थांबला. (ओरड करायला पुणेकर तयारच असतात, या वेळी तो गुण कामी आला.) जिथे ओरडणारे नाहीत, तिथल्या केंद्राचे काय? नफ्याच्या तराजूत लोकसेवा नेहमीच हलकी भरणार.

३. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही. फार तर आकाशवाणीचे बातमीपत्र लावता येते. म्हणजे रेडिओवरच्या बातम्यांची मक्तेदारी सरकारी अनुदानावर जगणाऱ्या संस्थेकडे. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता ठरवली होती. मग घरमालक भाडेकरूसारखा का वागतो?

४. पैसा नाही, असे कुणी सांगू नये. जानेवारी २०२३ मध्ये प्रसार भारतीच्या यंत्रणा आणि पायाभूत सुविधांसाठी सुमारे २,५३९ कोटींची योजना मंजूर झाली. उत्तम. पण नवा ट्रान्समीटर स्वतः बोलत नाही. माइकसमोर अनेक ठिकाणी नैमित्तिक निवेदक बसतो, बोलावले तर यायचे या अटीवर. खर्च यंत्रावर आणि काटकसर माणसावर, हे धोरण आवाजाचा गळा घोटणारे आहे.

५. निधी पाच वर्षांसाठी संसदेने एकदाच ठरवून द्यावा, मंत्रालयाला तो दरवर्षी आवळता येऊ नये. प्रसार भारतीचा आढावा घेणाऱ्या सॅम पित्रोदा समितीनेही २०१४ मध्ये आर्थिक आणि प्रशासकीय स्वायत्ततेवर भर दिला होता. गरज पडली तर आपण पुन्हा शुल्क भरू. पण आधी कायद्यातली २२ खासदारांची देखरेख समिती कागदावरून खाली उतरवा. आपला खासदार मते मागायला दारात येईल तेव्हा त्याला रस्ता, पाणी विचाराच. त्यासोबत ही समितीही विचारा.