चिन्ह वाचायचे कोणी?

पवई म्हटले की लोकांना तलाव आठवतो, आय.आय.टी. आठवते, आणि अलीकडे उंच इमारती आठवतात. पण आपल्या प्रत्येकाच्या खिशातही पवईची एक खूण असते, तिची मात्र कोणी दखल घेत नाही. ती खूण म्हणजे रुपयाचे चिन्ह! आय.आय.टी.त १९६९ साली इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर सुरू झाले. तेथे पीएच.डी. करणाऱ्या उदयकुमार धर्मलिंगम यांनी हे चिन्ह रेखाटले आणि १५ जुलै २०१० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ते स्वीकारले. देवनागरीचा ‘र’, त्यातच उभी दांडी नसलेला रोमन ‘आर’, वर शिरोरेषा आणि खाली आणखी एक आडवी रेघ. दोन रेघांमधल्या मोकळ्या जागेमुळे तिरंगा सूचित होतो, असे त्याचे स्पष्टीकरण दिले गेले.

स्पष्टीकरण सुंदर आहे, पण हे चिन्ह रुजले ते तिरंग्यामुळे, असे मला वाटत नाही. भाजीवाल्याला ते खडूने दोन झटक्यांत काढता येते, आणि ते नेहमी आकड्याला चिकटून बसते. ज्याला ‘र’ येत नाही त्यालाही शेजारच्या आकड्यावरून त्याचा अर्थ कळतो. तरीही तमिळनाडू सरकारने मार्च २०२५ मध्ये आपल्या अर्थसंकल्पाच्या बोधचिन्हात हे चिन्ह न घेता तमिळ अक्षर घेतले. (चिन्ह काढणारे स्वतः तमिळ, हा भाग वेगळा!) आपल्याला जो ‘र’ घरचा वाटतो तो दुसऱ्या कोणाला पाहुणा वाटू शकतो, एवढे यावरून दिसते.

अमेरिकन तत्त्ववेत्ता चार्ल्स पर्स याने चिन्हांचे तीन प्रकार सांगितले आहेत. एक, वस्तूसारखे दिसणारे. पवई तलावाच्या काठी पाटीवर असलेले मगरीचे चित्र घ्या. दुसरे, वस्तूचा माग देणारे. धूर दिसला की विस्तव असणारच. तिसरे, केवळ समाजाच्या करारावर चालणारे, म्हणजे रुपयाचे चिन्ह किंवा कोणत्याही भाषेतला शब्द. आमच्या सरांनी हे फळ्यावर लिहिले तेव्हा माझ्या मनात आले, की हा करार कोणाकोणात झाला? माझ्या आईला कोणी विचारले होते का?

हा प्रश्न मला पुस्तकामुळे पडला नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. वडील माथाडी कामगार, त्यांची चौथी झालेली. आई शाळेत गेलेलीच नाही. ती फिल्टरपाड्यावरून रोज मोठ्या इमारतींत कामाला जाते. ती अडाणी आहे असे कोणी म्हटले तर मला पटत नाही, कारण खुणा वाचण्यात ती माझ्या पुढे आहे. रेशनकार्ड पिवळे की केशरी, यावरून कोणाला काय मिळणार ते ती सांगते. पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहून ती मालकिणीच्या फ्रिजमधले शाकाहारी वेगळे ठेवते.

गेल्या वर्षी एका रुग्णालयात आम्ही वडिलांच्या एक्स-रेसाठी थांबलो होतो. मी खिडकीवर पैसे भरून येईपर्यंत आई नेमकी एक्स-रेच्या दाराला टेकून बसली होती. दारावर पिवळ्या पाटीत तीन पात्यांची ती आकृती होती. मी तिला उठवले, तर म्हणाली, “आरं, हितं पंखा असंल म्हून बसले.” कर्मचारी हसले. मला हसू आले नाही. त्या आकृतीत पंख्याखेरीज दुसरे काय दिसते ते तुम्हीच सांगा!

ही तीन पात्यांची खूण १९४६ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत तयार झाली. ज्यांनी ती केली ते एकमेकांना ओळखणारे शास्त्रज्ञ होते, त्यांच्यापुरता करार पक्का होता. पण पुढे ती जगभर गेली, आणि धोक्याची खूण धोक्यात असलेल्यालाच कळेना. अखेर आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने २००७ साली अति धोकादायक स्रोतांसाठी एक जादा चिन्ह आणले. त्यात वरून येणारे किरण आहेत, कवटी आहे आणि पळणारा माणूस आहे. ते आधी ११ देशांतल्या लोकांना दाखवून पाहिले होते आणि त्यांत भारतही होता. याला म्हणतात विचारणे. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत भंगारात आलेल्या यंत्रातले किरणोत्सर्गी कोबाल्ट कामगारांनी हाताळले आणि एकाचा जीव गेला. आपल्याकडे चिन्हाच्या सौंदर्यावर बोलणारे खूप आहेत. ते न कळल्याची किंमत कोण भरतो, इकडे फारसे कोणी पाहत नाही.

निवडणूक चिन्हांचे मला म्हणूनच कौतुक वाटते. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत बहुसंख्य मतदार निरक्षर. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी आणि तिच्यावर त्याचे चिन्ह. पुढे निवडणूक आयोगात एम. एस. सेठी नावाचे ड्राफ्ट्समन १९९२ मध्ये निवृत्त होईपर्यंत पेन्सिलीने अशी चित्रे काढत असत. रोजच्या वापरातल्या साध्या वस्तू, गावात कोणीही ओळखावी अशी रेघ. इथे मात्र वेगळीच गंमत होते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत शरद पवारांच्या पक्षाचे चिन्ह ‘तुतारी वाजवणारा माणूस’ होते. काही अपक्षांना ‘ट्रम्पेट’ मिळाले, आणि मराठीत त्याचेही नाव ‘तुतारी’च लावले गेले! आमच्या सातारा मतदारसंघात विजयाच्या फरकापेक्षा जास्त मते त्या पिपाणीला पडली. माझी आजी पाटण तालुक्यात मत देते. तिने काय दाबले ते ती सांगत नाही, आणि सांगूही नये. चित्रे वेगळी होती, पण लोक चित्र नुसते डोळ्यांनी पाहत नाहीत, प्रचारात कानावर पडलेल्या नावानेही ते ओळखतात. हे ध्यानात न घेता केलेले चिन्ह कागदावर कितीही रेखीव असो, ते अर्धेच.

२०२० साली दादर-माहीम भागातल्या पादचारी सिग्नलांवर पुरुषाऐवजी स्त्रीची आकृती आली. चांगलेच झाले. पण रस्ता ओलांडताना आई हिरवा रंग पाहते, आकृतीचा झगा पाहत नाही.

या सर्वांत मला डबेवाल्यांची खूण अधिक शहाणी वाटते. झाकणावर एक ठळक आकडा, काही अक्षरे, थोडा रंग. त्यावरून डबा कोणत्या भागातून आला, कोणत्या इमारतीत आणि कितव्या मजल्यावर जायचा ते कळते. ती कोण्या डिझाइनरने बसवलेली नाही. जे डबा उचलतात त्यांनीच ती घडवली, आणि ज्याला ती वाचायची आहे त्याला ती येतेच. मावळातल्या कमी शिकलेल्या माणसांनी हे करून दाखवले. मग पदवीधरांना काय अडचण आहे?

डिझाइन शिकणाऱ्यांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. त्यांच्या आणि आमच्या वस्तीच्या मधे एक कुंपण आणि एक रस्ता एवढेच अंतर आहे. नवे चिन्ह काढले की ते घेऊन दहा मिनिटे आमच्या नळावर यावे. तिथे बायका रांगेत असतात, वेळ असतो, आणि मत द्यायला त्या कधीच संकोचत नाहीत.

आणि आपणही आपल्या कॉलेजपासून सुरुवात करू या. प्रवेशाच्या दिवसांत कार्यालयाबाहेर पालकांची रांग लागते. खिडक्यांवर ‘अ‍ॅडमिशन’, ‘स्कॉलरशिप’, ‘कॅश’ अशा पाट्या आहेत, त्याही इंग्रजी अक्षरांत. माझे वडील गेल्या वर्षी तीन खिडक्या फिरले. प्राचार्यांना माझी विनंती आहे, की येत्या जूनपूर्वी प्रत्येक खिडकीला एक रंग आणि एक चित्र द्यावे. कोणते द्यायचे ते राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांनी आधी वस्तीत विचारून यावे. मी त्यांच्याबरोबर यायला तयार आहे.