निर्जन वाळवंटातला चमत्कार? : सान फ्रान्सिस्को दे बोर्हा (थ्रेड)

१/ मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पात, रोसारितो गावाहून पूर्वेकडे एक खडकाळ कच्चा रस्ता जातो. निवडुंगांच्या वाळवंटातून हाडे खिळखिळी झाल्यावर अखेरीस कोरीव दगडांचे चर्च दिसते. निर्जन वाळवंटात धर्मगुरूंनी उभारलेला चमत्कार, असे त्याचे वर्णन करण्याची रीत आहे. या वर्णनातला एकही शब्द कसोटीला उतरत नाही.

२/ 'निर्जन'? या जागेचे मूळ नाव अदाक. येथे झरे होते आणि त्यांच्या आधाराने कोचिमी लोक राहत होते. १७६२ मध्ये वेन्सेस्लाउस लिंक या जेझुइटाने मिशन स्थापले, ते माणसे होती म्हणूनच. ओसाड प्रदेशात धर्मांतर कोणाचे करणार?

३/ 'धर्मगुरूंनी उभारलेला'? १७६८ मध्ये जेझुइटांना येथून हाकलले गेले. मग फ्रान्सिस्कन आले, १७७३ पासून डॉमिनिकन. पाषाणी चर्च १८०१ च्या सुमारास पूर्ण झाले. मिशनव्यवस्थेत शेती, पाट, बांधकाम ही कष्टाची कामे धर्मांतरित स्थानिकांकडून करून घेतली जात. तरी इतिहासात नावे उरली ती पाद्र्यांची आणि देणगी देणाऱ्या गांदियाच्या डचेसची.

४/ 'चमत्कार'? देवी, गोवर यांसारख्या साथींनी कोचिमी समाज पोखरला. चर्च उभे राहिले तेव्हा प्रार्थनेला येणारे झपाट्याने घटत होते. १८१८ मध्ये मिशन सोडून देण्यात आले. जेमतेम सतरा वर्षे!

५/ यावर ठरलेला बचाव असा : रोग कोणी मुद्दाम आणले नाहीत. मान्य. परंतु विखुरलेल्या टोळ्यांना मिशनभोवती एकत्र आणणे हे धोरण होते. जेथे धान्य अपुरे, तेथे लोकांना आळीपाळीने बोलावून परत पाठवीत. परतणाऱ्यांबरोबर रोगही रानातल्या वस्त्यांत जाई. एकामागून एक साथी येऊनही हे धोरण दशकानुदशके चालू राहिले. जंतूंना हेतू नसतो, धोरणाला असतो.

६/ कोचिमी भाषा आज कोणी बोलत नाही. तिच्याविषयी जे ठाऊक आहे, त्यातले बरेचसे मिगेल देल बार्को यांच्यासारख्या मिशनऱ्यांच्याच टिपणांतून आलेले आहे. त्या नोंदींचे मोल मान्य करावे. पण नोंद ठेवणारा आणि व्यवस्था चालवणारा एकच होता, हे विसरू नये.

७/ चर्च अवश्य पाहावे, त्याच्या कोरीव कामाला दादही द्यावी. मात्र तेथली शांतता निसर्गदत्त नाही, ती इतिहासाने घडवली आहे. छायाचित्राखाली 'निर्जन' लिहिण्याआधी 'अदाक' हे नाव लिहावे.