गोंद वाईट नव्हता

मागच्या हिवाळ्यात आमच्या आजरा तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान प्रदर्शनाचा परीक्षक म्हणून गेलो होतो. नववीतल्या एका मुलीने पवनचक्की केली होती. तेलाच्या रिकाम्या प्लॅस्टिकच्या कॅनमधून पाती कापून तिने ती झटपट गोंदाच्या ट्यूबने चिकटवली होती. समोर पंखा लावला मात्र, पाती एकेक करून गळून पडली. "सर, गोंद वाईट निघाला," ती रडवेली होऊन म्हणाली. मी वहीत 'बांधणी कच्ची' असा शेरा लिहिला आणि पुढच्या टेबलाकडे वळलो.

तो शेरा चुकीचा होता. गोंद चांगला होता आणि मुलगीही निष्काळजी नव्हती. तो कॅन पॉलिएथिलीनचा होता, आणि पॉलिएथिलीनला ती ट्यूब धरत नाही. हे तिला कोणी शिकवले नव्हते. आम्ही शिकवतो ती आसंजनाची व्याख्या : 'दोन भिन्न पदार्थांच्या रेणूंमधील आकर्षण'. ती लिहिली की गुण मिळतात, पण तिने एक पातेही चिकटत नाही.

खरे तर प्रश्न उलटा विचारायला हवा. रेणूंमध्ये आकर्षण आहे, तर दोन फळ्या एकमेकींवर नुसत्या ठेवल्या की चिकटत का नाहीत? याचे कारण असे की, हे आकर्षण मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाएवढ्या अंतरावरच जाणवते. रंधा मारलेली फळी आपल्या बोटाला गुळगुळीत लागते, पण रेणूच्या मापाने पाहिले तर ती सह्याद्रीच आहे. दोन फळ्या टेकतात त्या फक्त शिखराशिखरांवर. मधल्या दऱ्या भरून काढायला द्रव लागतो, आणि हेच गोंदाचे पहिले काम. त्यासाठी त्याने पृष्ठभागावर पसरले पाहिजे. अळवाच्या पानावर पाणी कसे मोती होऊन घरंगळते, ते तुम्ही पाहिले आहेच. पॉलिएथिलीनच्या पृष्ठभागाचेही रेणू असेच अलिप्त. गोंद त्यावर नीट पसरत नाही, मग धरणार कुठून?

दुसरे काम घट्ट होण्याचे. आपल्या कोल्हापूरकडची काकवी घ्या. दोन काचपट्ट्यांमध्ये ती लावली तर पट्ट्या चिकटतात, पण एकमेकींवरून सरकतात. काकवी चिकट आहे, गोंद नाही. आता गुळाचा कडक पाक करून त्यात शेंगदाणे घाला आणि थंड होऊ द्या. ही झाली चिक्की! शेंगदाणा तुटेल, पण पाक सोडणार नाही. सोनाराची लाख आणि हस्तकलेच्या तासाला वापरतात ती गरम गोंदाची कांडी यांचेही तत्त्व हेच : तापल्यावर वाहायचे आणि निवल्यावर धरायचे.

कागदाला लावायची खळ मात्र पाणी गमावून घट्ट होते. पिठातले स्टार्चचे कण साधारण 60 ते 70 अंश सेल्सिअसला पाणी पिऊन फुगतात, फुटतात आणि त्यांतल्या लांब साखळ्या मोकळ्या होतात. या साखळ्या कागदाच्या तंतूंना बिलगतात आणि पाणी कागदात मुरून उडून जाते. पतंगाला लावलेली भाताची शिते हेच करतात. (आजऱ्याचा घनसाळ त्यासाठी वापरू नये, तो खाण्यासाठी आहे!) सुतारांचा पांढरा गोंदही याच जातीचा. मुंबईत 1959 साली फेव्हिकॉल निघाला, त्याआधी सुतार जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला सरस वापरत. तो दर वेळी तापवावा लागे आणि त्याला वास येई. तेव्हा जुने ते सोने, असे माझे म्हणणे नाही. पांढरा गोंद सुतारांना खरोखरच सोयीचा ठरला.

पण आमच्याकडचा पाऊस या गोंदाची परीक्षा पाहतो. आषाढात हवाच इतकी ओली असते की, सांध्यातले पाणी जाणार कुठे? सांधा शिकंज्यात अधिक वेळ ठेवावा लागतो. झटपट ट्यूबचा गोंद, म्हणजे सायनोॲक्रिलेट, नेमका उलट वागतो. त्याचे रेणू हवेतला आणि पृष्ठभागावरचा ओलावा लागताच एकमेकांना जोडले जातात. त्यामुळे दमट हवेत तो अधिकच लवकर घट्ट होतो. हॅरी कूव्हर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाला 1942 साली बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधताना हे द्रव्य सापडले होते. भलतीकडेच चिकटते म्हणून ते बाजूला ठेवले गेले, आणि 1958 साली तेच गोंद म्हणून बाजारात आले. बोटांच्या कातडीवर ओलावा असतोच, म्हणून बोटे क्षणात चिकटतात. ती ओढू नका, कोमट साबणाच्या पाण्यात धरा. आणि हा गोंद कापसाने कधीही पुसू नका, कापूस इतका तापतो की भाजू शकते.

इपॉक्सीच्या दोन ट्यूबांची रीत आणखी निराळी. एकीत राळ आणि दुसरीत कठीणक असते. मिसळल्यावर त्यांच्या रेणूंचे जाळे विणले जाते. यात पाणी उडून जावे लागत नाही, म्हणून पाणी न शोषणारे धातू आणि काच यांनाही तो चालतो. आमच्या तालुक्यात काजू फोडले जातात. त्या टरफलांतले तेल हाताला लागले तर फोड येतात, पण त्याच तेलापासून इपॉक्सीचे कठीणक बनतात आणि ते थंड, ओलसर जागीही काम देतात. किती मुलांना हे ठाऊक आहे?

म्हणून शिक्षकबंधुभगिनींना माझे सांगणे आहे की, आसंजनाचा धडा व्याख्येने सुरू करू नका. वर्गात खळ शिजवा. ती कागद, लाकूड, काच आणि दुधाच्या पिशवीचा तुकडा यांना लावा, आणि दुसऱ्या दिवशी मुलांनाच ओढून पाहू द्या. काचेवरची खळ पापुद्र्यासारखी का सुटली, याचे कारण मुले स्वतःच शोधतील. तासाचा वेळ जाईल हे मान्य, पण ट्यूब विकत आणून लावण्यात फक्त पैसेच जातात.

त्या मुलीचा शेरा आता बदलता येत नाही. तिच्या शिक्षकांकडे मी निरोप पाठवला आहे : पाती तीच ठेवा, त्यांना दोन-दोन भोके पाडा आणि बारीक तारेने शिवून टाका.